रिमोट तिच्या दप्तरात होता

मागच्या वर्षी स्पर्धेत आमचा रोबोट मैदानाच्या मधोमध ठप्प झाला आणि सगळ्यांनी तो चालवणाऱ्या मुलीकडे पाहिलं. मीही पाहिलं. मी कॉलेजात या पोरांचा मार्गदर्शक, म्हणजे काम कमी आणि उपदेश जास्त. "घाबरलीस, दुसरं काही नाही," असं तिला सांगून मी मोकळा झालो.

यंदा स्पर्धेला आठवडा उरला असताना ती प्रयोगशाळेत आली. "सर, माझं नाव काढून टाका. मला नाही जमत."

मी रोबोट चालवून दाखवत तिची समजूत घालत होतो. तेवढ्यात शेजारच्या टीमने आपले चार रोबोट एकदम सुरू केले आणि आमचा जागीच थबकला. रिमोट माझ्या हातात होता. आता कोण घाबरलं होतं?

मी रोबोट आणि रिमोट, दोन्हींतले रेडिओ कॉम्प्युटरला जोडून पाहिले. रोबोटमधल्या रेडिओचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतला प्रोग्रॅम, नवं होतं आणि रिमोटमधलं जुनं. एरवी दोघांचं जेमतेम जमायचं, पण हवेत सिग्नलची गर्दी झाली की संपर्क तुटायचा.

नवा प्रोग्रॅम मीच घातला होता, मागच्या स्पर्धेच्या तोंडावर. रिमोट तेव्हा तिच्या दप्तरात, तिच्या घरी महाराजपूरला. बोटांना सवय व्हावी म्हणून ती तो घरी नेऊन नुसतीच बटणं दाबत बसायची. रिमोटचं उद्या करू म्हटलं आणि साफ विसरलो.

गुपचूप दुरुस्त करावं, असं क्षणभर मनात आलं. लाज वाटली. सगळ्यांसमोर चूक सांगितली, दोन्हीकडे एकच फर्मवेअर घातलं, शेजारचे चारही रोबोट चालू ठेवायला लावले, वर पोरांच्या मोबाईलचे हॉटस्पॉटही. आमचा रोबोट अर्धा तास न अडखळता फिरला. माझा जीव भांड्यात पडला.

तिचा चेहरा मात्र लाल झाला होता. "काहून नाही पाहिलं सर तुम्ही तेव्हाच? वर्षभर मी घरी सांगून राहिले, मला येतच नाही म्हणून!"

"चुकलो," एवढंच मी म्हणालो. मग ती अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत माझ्यावर मनसोक्त चिडली आणि मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू. वर्षभर ती फक्त स्वतःवर चिडत होती.

बोलून झाल्यावर तिने माझ्या हातातून रिमोट ओढून घेतला. "चलो सर, सरका थोडं. मला रोबोट दिसून नाही राहिला."