दोनदा दाबा

कुडव्याहून मुर्रीकडच्या राईस मिलमध्ये जाताना माझी मोटारसायकल वळणंसुद्धा स्वतःच घेते, इतकी वर्षं झाली. या मिलच्या गेटवर धानाच्या ट्रकची नोंद करून गेटपास काढणारं वेब ॲप्लिकेशन मीच बनवलं. ते ज्या प्लॅटफॉर्मवर उभं आहे, तो तेव्हा नवाकोरा होता. आता तो बनवणाऱ्या कंपनीनेच त्यावरचा हात काढून घेतलाय. त्याची भाषा जाणणारा आसपास मी एकटाच उरलो. वासरात लंगडी गाय शहाणी, आणि या गायीला दावणीला बांधून ठेवलंय.

बायकोची बदली नागपूरला झाली, मुलगीही तिच्याबरोबर गेली. मी तिकडे मुलाखतीला गेलो, तर समोरच्या पोराने प्लॅटफॉर्मचं नाव ऐकून विचारलं, "ते अजून चालतं?" मला राग आला, कारण तो खरं बोलत होता.

मग मी हट्टाला पेटलो. नवी भाषा शिकलो आणि रोज संध्याकाळी बसून सगळं पुन्हा लिहून काढलं. हे मिलमध्ये चाललं की इथला कोणीही ते सांभाळू शकेल, मलाही नवं काम मिळेल आणि मी सुटेन. हिशेब साधा होता.

ऐन हंगामात नवीन चालू केलं. तासाभरात गेटवर गोंधळ उडाला. प्रत्येक ट्रक दोनदा आत आलेला दिसत होता, आणि गेटवाला एका ट्रकचे दोन गेटपास घेऊन भांडत होता. बाहेर ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत गेली.

गेटवरच्या कॉम्प्युटरवर पहिल्या दिवसापासून बसणाऱ्या ताईंवर मी ओरडलो, "ताई, बटण दोनदा कशाला दाबता?"

त्यांनी मॉनिटरच्या कडेला बोट दाखवलं. तिथे पिवळा पडलेला कागद होता, त्यावर माझंच अक्षर: दोनदा दाबा.

"तुमीच तं सांगितलं होतं, भाऊ. आता काऊन चिडून राहिले?"

जुन्या पानावर पहिल्यांदा दाबलं की काहीच व्हायचं नाही, दुसऱ्यांदा दाबल्यावर नोंद व्हायची. चूक माझी होती. ती शोधायचा आळस केला आणि कागद चिकटवून मोकळा झालो. नव्यात ती चूक मी काढून टाकली, पण हे ताईंना सांगायचं मात्र साफ विसरलो. मला स्वतःच्याच कानाखाली मारावीशी वाटली.

"पाच मिनिटांत दुरुस्त करतो," मी मिलच्या शेठना म्हटलं.

"नहीं भाई, पुराना लगा दो. जो चल रहा है उसको क्यों छेड़ना? सीझन के बाद देखेंगे."

जुनं लावलं. ताईंनी बटण दोनदा दाबलं, एकच गेटपास निघाला आणि रांग हलू लागली. ताईंनी माझ्यासाठी चहा मागवला.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, झालं का? येऊन राहिले ना?"

"हंगाम संपला की येतो," मी म्हटलं.

मागच्या वेळी हेच ऐकून तिने विचारलं होतं, कोणता हंगाम, खरीप की उन्हाळी? या वेळी ती फक्त "बरं" म्हणाली आणि फोन आईकडे दिला.