पाहुण्यांसाठी भरलेला वॉर्ड

माझ्या आत्याला सगळा दवाखाना ‘हवालदार’ म्हणायचा. बाळंतिणींच्या वॉर्डची ती मुख्य नर्स, मी तिथलीच आया. भाची म्हणून मला कधी सूट मिळाली असेल तर शपथ! चादरीला सुरकुती दिसली की सगळ्यांदेखत माझी बिनपाण्याने करायची.

वॉर्डात आत्या धरून नर्स तीनच, आणि बाया मात्र जमिनीवरही झोपलेल्या. आणखी माणसं द्या म्हणून आत्या मोठ्या डॉक्टरांपुढे डोकं फोडायची. उत्तर ठरलेलं: "सरकारकडे पैसा कुठे? सगळा कर्जाच्या हप्त्यांत जातो." कुणी घेतलं ते कर्ज, कुणाच्या घशात गेलं, देव जाणे. आमच्या वॉर्डात त्यातला साधा बल्बही आला नव्हता. कर्ज देणाऱ्या परदेशी लोकांकडून मदत म्हणून बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या आल्या, त्याही देणाऱ्यांच्याच कारखान्यातल्या. वर अट अशी, की नवीन माणूस नेमायचा नाही. मग चालवणार कोण, माझं कपाळ? पेट्या कोपऱ्यात धूळ खात पडल्या.

अशात बातमी आली, की कर्ज माफ होणार, पण आधी त्यांचेच परदेशी पाहुणे खर्च तपासायला येणार. आत्याने कंबर कसली. "वॉर्ड असा दाखवते की बघत राहतील. काम आवडलं तर माणसंही देतील."

आमच्याकडे पद्धतच ती. पाहुणा येणार म्हटलं की शेजारच्या दवाखान्यांतून चादरी, खाटा, माणसं उसनी आणायची. आत्याने तर कहर केला. प्रत्येक खाटेपाशी इस्त्रीच्या कपड्यातली एक नर्स उभी. जमिनीवरच्या बाया मागच्या खोलीत हलवल्या.

"आत्या, लग्नघर वाटतंय गं," मी म्हटलं.

"तोंड बंद ठेव आणि हसत उभी राहा."

पाहुणे खूश झाले, फोटो काढून गेले. आत्या दिवसभर हवेत होती.

पुढच्या महिन्यात मोठ्या डॉक्टरांनी आत्याला बोलावलं, मीही मागोमाग गेले. पाहुण्यांचं म्हणणं पडलं होतं, की इथे गरजेपेक्षा जास्त नर्स आहेत. कमी करा, तरच माफी. म्हणजे आमच्या दोघी नर्स जाणार, उरणार एकटी आत्या.

"अहो, त्या उसन्या होत्या!" ती ओरडली.

"आता तसं सांगितलं तर माफीच अडेल. सगळ्या देशाचा प्रश्न आहे, सिस्टर."

त्यांच्या टेबलावरचा ग्लास उचलून भिरकावावा, इतका संताप झाला माझा. आत्या मात्र बाहेर आली आणि थेट वॉर्डात कामाला लागली.

कर्ज माफ झालं त्या दुपारी रस्त्यावर बँड वाजत होता. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. तेवढ्यात वॉर्डात दोघींच्या कळा एकदम वाढल्या. आत्या एकीपाशी, मी दुसरीपाशी. मी आया, मला त्यातलं काय कळतंय? मी हाका मारत राहिले, पण पहिलीचं रक्त थांबेना, तिला सोडून आत्याला उठता येईना. ती आली तेव्हा बाळ निळं पडलं होतं. पुष्कळ केलं तिने. रडलंच नाही ते.

बाळाची आई दाराकडे बघत होती.

"सिस्टर, मी मागे तपासून घ्यायला आले होते तेव्हा खाटेखाटेपाशी नर्स होती," ती म्हणाली. "म्हणून तर जवळचा दवाखाना सोडून इथे आले. कुठे गेल्या त्या सगळ्या?"

आत्या तिच्या खाटेवर टेकली.

"मी आणल्या होत्या गं," ती म्हणाली. "एका दिवसापुरत्या."