तुर्कीतलं ट्रेनिंग चालणार नाही

"तुर्की भाषेतलं ट्रेनिंग चालणार नाही," ब्रांडलसाहेब म्हणाले आणि फाइल माझ्याकडे सरकवली. पहिल्या पानापुढे ती उलटलीही नव्हती.

मी तेव्हा न्युरेम्बर्गमध्ये एका सल्ला केंद्रात नोकरी करत होते. जर्मनीत छोट्या सामाजिक संस्थांना फेराइन म्हणतात. या संस्था काम मनापासून करतात, पण सरकारी फॉर्म दिसला की त्यांना घाम फुटतो. ते फॉर्म मार्गी लावणं हे माझं काम. दोन हजार सालानंतर नवा कायदा आला होता. स्मृतिभ्रंशाच्या पेशंटला घरी सोबत द्यायला फेराइनने शिकवलेली माणसं पाठवली, तर त्याचा खर्च शुश्रूषा-विमा देणार. त्यासाठी फेराइनला सरकारी ऑफिसची मान्यता हवी. त्या ऑफिसात ब्रांडल बसायचे.

ती फाइल नुर्तेनच्या फेराइनची. तिने आयुष्यभर फॅक्टरीत शिलाई केली होती. आता ती आणि तिच्या ओळखीच्या बायका स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या तुर्की कामगारांजवळ बसायला जायच्या. फुकट, आठवड्यातून जेमतेम एक तास. मान्यता मिळाली तर दोन दुपारी जाणार होत्या.

"स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा आधी जाते," मी म्हटलं. "या लोकांना आता जर्मन कळतच नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर. पण आम्हाला दर्जा तपासता यायला हवा. ट्रेनिंग जर्मनमध्ये घ्या."

याची अजून लाज वाटते, पण मी मान डोलावली. जर्मन ट्रेनर शोधली. दर शनिवारी ती बोलायची आणि नुर्तेन एकेक वाक्य तुर्कीत सांगायची. तीन महिने गेले.

मधे एकदा नुर्तेन एमिनेला घेऊन आली. एमिनेचा नवरा युसुफ दार उघडून चालू पडायचा, अंगात पायजमा, पायात काही नाही. एमिने सत्तरीची. ती बोलत होती, नुर्तेन जर्मनमध्ये सांगत होती. "ती म्हणते, दोन दुपारी कोणी बसलं तर मी झोपेन. बाकी काही नको."

"लवकरच," मी म्हटलं.

सर्टिफिकिटं घेऊन आम्ही दोघी ब्रांडलकडे गेलो. त्यांनी ती नीट मोजली.

"छान. पण असं बघा, तुर्कीत गप्पा मारणं ही शुश्रूषा नाही. ते सांस्कृतिक काम. तुम्ही संस्कृती खात्यात जा."



"हे कुठल्या कलमात आहे?"

"कलमात नाही. आमची पद्धत आहे."

"आणि जर्मनमधलं ट्रेनिंग?"

त्यांनी पेन सरळ करून ठेवलं. "तीही पद्धतच."

तीन महिन्यांचे शनिवार! नुर्तेन माझ्याकडे बघत होती. मला तिच्याकडे बघवेना.

"नकार लेखी द्या," मी म्हटलं. "कारणासकट."

पत्र आलं. मी विडरश्प्रुख, म्हणजे लेखी हरकत, लिहायला घेतली. माझ्या बॉस फ्राउ झायडल दारात उभ्या राहिल्या.

"पुढच्या वर्षीही आपल्याला त्यांच्याच दारात जायचंय. जरा दमाने घे."

"जाईन की. पण आधी हे पाठवते."

"शब्द तरी मऊ कर."

शब्द मऊ केले. मागणी एकही सोडली नाही.

पाच आठवड्यांनी ब्रांडलच्या वरिष्ठांनी मान्यता दिली. दोन ओळींचं पत्र. कारण नाही, दिलगिरी नाही.

मी नुर्तेनला फोन लावला. ती म्हणाली, "एमिने मागच्या सोमवारी जिन्यात पडली. खुबा मोडलाय. युसुफला म्हाताऱ्यांच्या होममध्ये ठेवलं. तिथे कुणालाच तुर्की येत नाही. तो जेवत नाहीये."

नुर्तेनच्या बायका आता त्याला भरवायला होममध्ये जातात. त्याचे पैसे मिळत नाहीत. हा कायदा फक्त घरी राहणाऱ्यांसाठी आहे. ते मात्र खरोखर कलमात लिहिलेलं आहे, मी तपासलं.

नंतर नोकरीत येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट शिकवली. साहेब तोंडी नाही म्हणाला तर तो सांगेल त्या कामाला लागू नका. कलम विचारा, लेखी मागा, आणि पहिल्याच दिवशी मागा. मी चौथ्या महिन्यात मागितलं.