अर्दबीलचे रिकामे कोनाडे

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांचे. आज ते आठवले प्लायवूडच्या भुशाच्या वासाने. सिंगापूरच्या एका मॉलमध्ये आमची कंपनी बार सजवते आहे. तिथे सुतारांनी नमुन्याची एक भिंत उभी केली होती, आणि तिच्यात सुरई-वाडग्यांच्या आकाराचे कोनाडे कापले होते. ते ओळखले आणि माझ्या अंगाची आग झाली.

सरांनी वर्गात मासिकातला एक फोटो चिकटवला होता. इराणच्या डोंगराळ मुलखातलं अर्दबील, तिथल्या एका सूफी शेखच्या दर्ग्यातलं चिनी भांड्यांचं दालन. "भांडं काढू नका रे, भांड्याभोवतीची हवा काढा," ते म्हणायचे. घरातला पहिला पदवीधर झालो, पहिली मोठी सुट्टी मिळाली, तेव्हा मी थेट तिथे गेलो. बर्फाच्या डोंगराजवळचं थंड शहर. दर्ग्यात दारामागून दार ओलांडताना आपला आवाज आपोआप खाली येतो. गोल मनोऱ्यावर ईश्वराचं एकच नाव निळ्या चकाकीने पुन्हा पुन्हा गुंफलेलं. आणि त्या दालनात वरपर्यंत कोनाडेच कोनाडे, बहुतेक रिकामे. भांडी कधीच दुसरीकडे नेली गेली. भिंतींनी त्यांच्या जागा मात्र सोडल्या नव्हत्या. दिवसभर बसून मी सरांसाठी ते सारं रेखाटलं.

ती रेखाटनं एकदा कौतुकाने साहेबांना दाखवली होती. साहेब पुण्याचे. आज त्या भिंतीपाशी ते म्हणाले,

"तुझी ड्रॉइंग्ज दे. नेटवरच्या फोटोवरून सुतारांना प्रमाण जमत नाहीये."

"साहेब, ती दर्ग्यातली खोली आहे. तिथे व्हिस्की?"

"रिकामीच आहे ना? आपण भरू. मागून एलईडी टाकू, लोक सेल्फी काढतील."

"नाही देणार."

"अरे वा! खेड्यातून आलात आणि मुजावर झालात? तुझा इथला कामाचा पास कुणाच्या सहीवर आहे, माहितीय ना?"

"माहितीय. तरीही नाही देणार."

काळ सगळं नेतो, असं आपण हळव्या सुरात म्हणतो. मला ते आता खोटं वाटतं. काळ काही नेत नाही. माणसं नेतात, आणि मग रिकाम्या जागेवरही हात टाकतात. साहेबांचा मला राग आहे आणि तो निवावा अशी माझी इच्छा नाही. सुंदर गोष्टींनी माणूस फक्त मवाळ होतो असं कुणी सांगितलं? मला तर त्यांनी भांडायला शिकवलं.

संध्याकाळी सरांना पत्र पाठवलं:

"आदरणीय सर, शि. सा. नमस्कार. अर्दबीलची रेखाटनं सोबत पाठवतो आहे. इथे ती मागितली होती. दिली नाहीत, म्हणून नोकरी गेली. आता पासही जाईल. महिनाअखेरीस गावी येतो. आईला मीच सांगेन. तुमचा सिंगापूरवाला परत आला, असे टोमणे लोक तुम्हाला मारतील. लपवू नका. कुणी कारण विचारलं, तर त्याला समोर बसवा, खडू घ्या आणि अर्दबील काढून दाखवा."