नजीरभाईंची डबल ट्रॉली

गेम वेळेवर बाहेर पडला तर त्याच्यामागं सांगण्यासारखं फारसं काही उरत नाही. रखडला की मात्र किस्से पिकतात. आमचा गेम दोन दिवाळ्या रखडला, त्यामुळं आमच्याकडं किस्स्यांचं पीक जोरात आहे. चहाला चौघं जमलो की एकजण सुरू करतो, दुसरा "तसं नव्हतं झालं" म्हणतो, आणि चहा गार होतो. हसत सुरू झालेली गोष्ट शेवटी नजीरभाईंवर येते आणि मग जो तो आपला गार चहा पिऊन टाकतो. आज मी सांगते, तर मधे टोकू नका.

आमचं ऑफिस बीडला, एका हार्डवेअरच्या दुकानावर. अविनाश सर पुण्यात चांगली नोकरी करत होते. "गेम काय फक्त पुण्यातच बनतात का?" म्हणत ते गावी परत आले आणि आम्हा सहा जणांना घेऊन बसले. गेम साधा होता. ट्रॅक्टरला मागं उसाच्या दोन ट्रॉल्या जोडायच्या आणि फडातून साखर कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत न्यायच्या. कोडिंग विशालकडं. मी म्हणजे वर्षा, सगळ्यांच्या मागं लागून कामं करून घेणारी. सर मला "तगादा मॅनेजर" म्हणायचे.

*

नजीरभाई आमच्याकडं आले ते बिजागरी घ्यायला. म्हणजे खालच्या दुकानात. वरून ट्रॅक्टरचा आवाज येतोय म्हणून लंगडत जिना चढले आणि दारात उभे राहिले. पन्नाशीचा माणूस, गेवराईचा. वीस वर्षं उसाचा ट्रॅक्टर चालवला होता. एकदा ट्रॉलीचं हूक निसटलं आणि डावा पाय त्याखाली आला. तेव्हापासून क्लच दाबता येत नव्हता, म्हणून ड्रायव्हरकी सुटली होती.

विशाल स्क्रीनवर ट्रॅक्टर पळवत होता. नजीरभाईंनी पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "ह्यो ट्रॅक्टर न्हाई. ह्येला टायर मोठे लावलेली स्कूटर म्हणत्यात."

विशालचा चेहरा पडला. सरांनी मात्र खुर्ची ओढून दिली. तासाभरात नजीरभाईंनी सत्तावीस चुका काढल्या, प्रत्येक चुकीला एकच शब्द, "खोटं हाय." संध्याकाळी ते आमचे टेस्टर झाले होते. सरांनी त्याच दिवशी गमतीत जाहीर केलं, "ज्या दिवशी नजीरभाई फडापासून काट्यापर्यंत एकदाही 'खोटं हाय' न म्हणता ट्रॉली नेतील, त्या दिवशी गेम बाजारात."

गंमत होती, पण आमच्यात तोच कायदा झाला. बिजागरी खालीच राहिली, ती दुसऱ्या दिवशी दुकानदारानं वर आणून दिली.

*

मग लॉकडाऊन लागला. सरांनी सगळ्यांची कॉम्प्युटरं एका जीपमध्ये घालून घरोघर पोचवली. विशाल दिंद्रुडला गेला, मी युसूफ वडगावला, नजीरभाई गेवराईला एक टेस्टिंगचा फोन घेऊन.

विशालच्या घरी नेटवर्क फक्त गोठ्याच्या पत्र्यावर यायचं. हा पठ्ठ्या लॅपटॉप घेऊन पत्र्यावर, डोक्यावर ओला टॉवेल, आणि खाली त्याचे वडील शेजाऱ्याला सांगतायत, "पोरगं सकाळधरनं ट्रॅक्टर चालवतंय, पर फोनात. दारातला मलाच चालवावा लागतोय."

एक दिवस त्यांनी शिडीच काढून घेतली. म्हणाले, "चार दिवस नांगरट करून दे, मग लावतो." विशालनं चार दिवस नांगरट केली. उशिराचं कारण मी कामाच्या शीटमध्ये लिहिलं, 'नांगरट'. सरांनी पुढं लिहिलं, 'मंजूर'.

*

नजीरभाईंना टाईप करायला आवडत नसे. ते व्हॉइस मेसेज पाठवायचे, मी ऐकून लिहायची. सुरुवात ठरलेली, "ताई, सलाम. लिहून घ्या." मागं कोंबड्या, कुकर, गल्लीतली भांडणं. मी गेवराईला एकदाही गेले नव्हते, पण त्यांच्या गल्लीत कोण कुणाशी बोलत नाही ते मला पाठ झालं होतं.

एकदा त्यांनी सांगितलं, उतारावर मागचं ओझं ट्रॅक्टरला ढकलतं, ते तुमच्या गेमला ठाऊकच नाही. ते बसवायला विशालला तीन आठवडे लागले. तो वैतागला होता. मीटिंगमध्ये म्हणाला, "भाई, एवढं खरं करून बघणार कोण आहे?"

नजीरभाई म्हणाले, "मी बघणार न्हाई का?"

विशाल पुन्हा पत्र्यावर चढला.

*

हा किस्सा रुबीनानं सांगितलेला. रुबीना त्यांची मुलगी, तेव्हा बारावीला. एकदा तिनं फोन उचलला आणि हळूच म्हणाली, "वर्षाताई, अब्बू गेम खेळताना डावा पाय दाबतात."

मला कळेना. मग तिनं सांगितलं. नजीरभाई पलंगावर बसून फोन चालवायचे आणि खाली पालथी परात ठेवलेली. गिअर बदलायचा असला की अधू पायानं परात दाबायचे. फोनवर क्लच नव्हताच, नुसतं बोट फिरवायचं होतं. डॉक्टरांनी तो पाय हलवत राहा म्हणून दोन वर्षं सांगितलं होतं तेव्हा हललेला नव्हता. आता दिवसभर परात वाजत होती आणि रुबीनाची अम्मी ओरडत होती, "माझी परात चेपली, पर माणूस सुधारला."

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, हा गेम आपण लोकांसाठी करतोय की एका माणसासाठी? आणि एका माणसासाठी असला तरी काही वाईट वाटलं नाही.

*

दुसऱ्या लाटेत किस्से कमी झाले. सकाळी ग्रुपवर बिल्ड, म्हणजे गेमची नवी आवृत्ती, कमी आणि हार घातलेले फोटो जास्त यायला लागले.

अविनाश सरांची आई गेली. सरांना तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. काही दिवसांनी सोमवारच्या ऑनलाईन मीटिंगला सर आले, डोकं भादरलेलं. सर खाली बघत म्हणाले, "बिल्ड कुठपर्यंत आलंय?"

विशाल काहीतरी आकडे सांगायला लागला. तेवढ्यात नजीरभाईंनी आपला माईक सुरू केला. "सर, आज गाडी हुबी ऱ्हाऊ द्या."

सरांनी मान हलवली आणि तसेच बसून राहिले. आम्हीही बसलो. तासभर कुणी मीटिंग सोडली नाही, कुणी बोललंही नाही. माझ्या नोकरीतली ती सगळ्यात चांगली मीटिंग.

*

गेम जवळजवळ झाला होता. रस्ता खरा, चढ खरा, उतार खरा. नजीरभाई काट्यापर्यंत गेले आणि त्यांनी गाडी थांबवली.

"खोटं हाय."

"आता काय राहिलं?" सर जवळजवळ रडकुंडीला.

"कारखान्यावर रांग कावून न्हाई? आलं की सरळ काट्यावर? असं सपनात बी व्हत न्हाई, सर."

सरांनी समजावलं. लोक गेम मजेसाठी खेळतात, रांगेत उभं राहायला कोण येईल? नजीरभाई शांतपणे म्हणाले, "उसाच्या ड्रायव्हरची निम्मी जिंदगी त्या रांगेत जाते. थितंच जेवण, थितंच झोप, थितंच दोस्ती. ती काढली तर मंग ऱ्हायलं काय?"

मग त्यांनी रांगेचे कायदे सांगितले. गाडी सोडून लांब जायचं नाही, नंबर जातो. पुढचा सरकला की आपण लगेच सरकायचं. आपण नाही सरकलो तर मागचा हॉर्न वाजवतो, आणि सरकेपर्यंत वाजवतच राहतो, कारण त्याच्याही मागं माणसं असतात. विशालनं वडिलांच्या ट्रॅक्टरचा हॉर्न रेकॉर्ड केला. रांग गेममध्ये आली. गेम आणखी सव्वा महिना लांबला.

*

रांग आल्यावर नजीरभाई पुन्हा फडातून निघाले. त्यांचा मेसेज आला. "ताई, सलाम. लिहून घ्या. आख्खा रस्ता आलो, एकदा बी खोटं म्हणलो न्हाई. आता रांगेत हाय. म्होरं तिघं हायती." मधे दोनदा खोकले. "नंबर लागला की सांगतो."

मी तो मेसेज ग्रुपवर टाकला. विशालनं पत्र्यावर नाच केला म्हणे. आम्ही सगळे वाट बघत बसलो. दुसरा मेसेज आला नाही. तिसऱ्या दिवशी रुबीनाचा फोन आला, अब्बूंना बीडला दवाखान्यात नेलंय.

नऊ दिवसांनी नजीरभाई गेले.

मला जाता आलं नाही, कुणालाच जाता आलं नाही. मी घरात बसून त्यांचे जुने मेसेज ऐकले. "खोटं हाय, खोटं हाय" असे शंभर तरी असतील. प्रत्येकाला मी हसले होते. त्या दिवशी खूप रडले, आणि रडताना कोंबड्यांचा आवाज आला की थांबत होते.

गेम तयार होता. एखादं बारीक काम सोडलं तर त्यात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण बाजारात टाकू या असं कुणी म्हणेना. एकदा कुणीतरी विचारलं, "आता पास कोण करणार?" विशाल म्हणाला, "मी नाही." सर म्हणाले, "बघू." असा महिना गेला. शीटमध्ये उशिराचं कारण लिहायचा रकाना मी कोरा ठेवला.

*

शेवटी सरांनी मला बोलावलं. "वर्षा, गेवराईला जाऊन ये. भाभी इद्दतीत आहेत, आम्ही पुरुषांनी जाणं बरं नाही." नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईनं घरातच राहायचं, बाहेरच्या पुरुषासमोर यायचं नाही, अशी त्यांच्यात रीत. सर पुढं म्हणाले, "टेस्टिंगचा फोन घेऊन ये. आणि बघ... ट्रॉली काट्यावर गेली होती का?"

दार रुबीनानं उघडलं. दोन खोल्यांचं घर. भाभी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांचा हात धरला.

तेवढ्यात हॉर्न वाजला.

मी दचकले. वाटलं बाहेर ट्रॅक्टर आलाय. रुबीना म्हणाली, "बाहेर न्हाई, ताई." कोनाड्यात टेस्टिंगचा फोन होता, चार्जरला लावलेला. त्या फोनची स्क्रीन कधीच बंद होत नाही, आम्हीच तशी ठेवली होती. गेम चालू होता.

तेव्हा आमचं एक काम राहून गेलेलं होतं. खेळ जिथं सोडला तिथून पुढं सुरू करायची सोय आम्ही अजून टाकली नव्हती. गेम बंद केला की परत फडापासून निघायचं. नजीरभाईंना ते ठाऊक होतं.

भाभी म्हणाल्या, "दवाखान्यात निघाले तवा दम लागलेला. तरी बोलून गेलते, चार्जर काढू नका, माझा नंबर जाईल. म्हणून ठिवला."

"चाळीस दिवस?"

"लाईट जाती तवा बॅटरीवर चालतो. दोनदा दिसभर लाईट न्हवती, तवा रुबी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्जिंगला लावून आली."

मी फोन हातात घेतला. नजीरभाईंची डबल ट्रॉली रांगेत उभी होती. त्यांच्या पुढचे तिघं केव्हाच गेले होते. काट्यापर्यंत रस्ता मोकळा. नंबर कधीचा लागला होता, नुसता अंगठा टेकवायचा होता. मागं दुसरी एक ट्रॉली चिकटून उभी होती आणि तिच्या मागं आणखी. हॉर्न पुन्हा वाजला.

"हे असंच वाजतं?"

"दिसभर," रुबीना म्हणाली. "आवाज कमी करू का म्हणलं तर अम्मी नको म्हणती."

अंगठा टेकवायचं धाडस मला होईना. गेम पास होईल, सर फोन करतील, विशाल पत्र्यावरून उतरेल, सगळं होईल, पण नंबर नजीरभाईंचा होता. मी फोन परत कोनाड्यात ठेवला, चार्जरची पिन नीट बसवली आणि म्हटलं, "भाभी, राहू द्या इथंच. ऑफिसला याची गरज नाही. सरांना मी सांगते."

भाभींनी फोनकडं बघितलं. पदरानं डोळे पुसले. हॉर्न वाजला, थांबला, परत वाजला.

"नको, ताई," त्या म्हणाल्या. मग मुलीकडं वळल्या. "रुबी, घे बेटा म्होरं. मागच्याची काय चूक?"