दहापैकी चार आणि पालकांची सही

'नाइस' या इंग्रजी शब्दाला मी छत्तीस वर्षं लाल शाईने मारत आलो, आणि तो मेला नाही.

मालवणच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचो. कुठलाही निबंध घ्या. गाय नाइस, वर्गशिक्षक नाइस, सहल नाइस. एकाने तर आजोबांच्या तेराव्याचं जेवणही नाइस लिहिलं होतं. (जेवण चांगलं होतं, मीही गेलो होतो.) अरे, माणूस असेल तर काइंड लिहा, जेवण असेल तर डिलिशस, हवा असेल तर प्लेझंट, खोली असेल तर कोझी. एकट्या शब्दावर किती ओझं लादायचं? असे चाळीस पर्यायी शब्द मी तक्त्यावर लिहून वर्गात टांगले होते. मुलं जाता-येता तक्ता बघायची आणि नाइस लिहायची. शेवटी मी थकलो. निवृत्तीच्या दिवशी हेडमास्तर भाषणात म्हणाले, "ही इज अ नाइस मॅन," आणि मी मुकाट्याने हार घालून घेतला.

तारकर्लीला आमच्या घरामागे, माडांत, मुलाने पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या. तो वर्षातले आठ महिने बोटीवर असतो, त्यामुळे सगळा कारभार सूनबाईचा, म्हणजे सायलीचा. तिने पहिल्याच दिवशी मला माझं काम नेमून दिलं.

"बाबांनू, पावणे जाताना तेंका वही द्यायची आणि गप रवायचा. इंग्रजी शिकवक जाव नकात."

वही म्हणजे अभिप्रायाची. चांगलं पान असलं की सायली त्याचा फोटो इंटरनेटवर टाकते, आणि ते वाचून पुढचे पाहुणे येतात. येतील, असं तिला वाटत होतं. पहिलाच हंगाम, मे महिना तोंडावर, आणि दोन्ही खोल्यांना अजून कुणी विचारलं नव्हतं. ती रोज संध्याकाळी फोन बघायची, उपडा ठेवायची आणि भाकऱ्या थापायला बसायची. मला फार वाईट वाटायचं.

अशात पुण्याचे एक साहेब आले, बायको आणि म्हातारी आई बरोबर. चार दिवस राहिले, बांगड्याचं तिखलं मागून मागून खाल्लं. निघायच्या सकाळी सायलीला म्हणाले, "मे महिन्यात ऑफिसचे आठ जण आणतो. आठवडाभर दोन्ही खोल्या आमच्या." सायली हसली. किती दिवसांनी हसली! मी वही पुढे केली आणि नेमून दिल्याप्रमाणे गप्प राहिलो. साहेबांनी चार ओळी लिहिल्या आणि ते सामान गाडीत भरायला गेले.

मी वही नुसती मिटायला घेतली होती, देवाशप्पथ. चार ओळींत सहा नाइस. खोली, जेवण, समुद्र, हवा, माणसं, आणि वर शेवटी 'ओव्हरऑल नाइस'. खिशात लाल पेन होतं. (निवृत्त माणसाच्या खिशात लाल पेन कशाला, असं आमची ही गेली सहा वर्षं विचारते आहे.) जेवणाचा नाइस खोडून वर डिलिशस लिहावं, एवढाच माझा विचार होता. मग बाकीच्या पाचांवर अन्याय नको म्हणून तेही खोडले. मग समासात 'तेच तेच लिहू नये' असा शेरा. मग हात आपसूक खाली गेला आणि त्याने दहापैकी चार दिले. त्याखाली 'पालकांची सही' असं लिहून पुढे एक रेघही ओढली.

तेवढ्यात साहेब परत आले. "काका, वही द्या. फोटो मीच टाकतो, ऑफिसातले सगळे बघतील."

"राहू दे," मी वही पोटाशी धरली. "शाई ओली आहे."

"बॉलपेनची?"

त्यांनी वही घेतली. वाचता वाचता कानापर्यंत लाल झाले. "चार? माझ्या हाताखाली तीनशे माणसं आहेत, काका."

इथे मी माफी मागायला हवी होती. मी समजावून सांगायला गेलो. "त्याचं असं आहे, नाइस म्हटलं की नक्की काय ते कळत नाही. छान, बरं, चवदार, नीटनेटकं, प्रेमळ, सगळं त्यातच. फार पूर्वी त्याचा अर्थ मूर्ख असाही होता. आता तुम्ही लिहिलंय, नाइस पीपल. वाचणाऱ्याने काय समजायचं?"

"मूर्ख," साहेब माझ्याकडे बघत म्हणाले.

सायली हाताला खोबरं लागलेलं तशीच बाहेर आली आणि तिने ते पान बघितलं. "बाबांनू, ह्या काय केल्यात तुमी?" अगदी हळू म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"शाळा सुटली, पण मास्तर काय सुटाक नाय," आमची ही आतून म्हणाली.

"ताई, मे महिन्याचं आम्ही दुसरीकडे बघतो," साहेब म्हणाले.

ओसरीवर खुर्चीत बसलेल्या त्यांच्या आईंनी हात पुढे केला. "आण ती वही." चष्मा लावून त्यांनी सगळं वाचलं, माझं पेन मागून घेतलं, आणि 'पालकांची सही' पुढे सही केली. तारखेसकट.

"आई, काय हे?"

"दहावीपर्यंत मीच करत होते. काय चुकीचं लिहिलंय त्यांनी?"

माझी छाती फुगली. मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि गुरुजी, मीही तीस वर्षं गणित शिकवलंय. सहा गुण कशाचे कापले, त्याची फोड द्या."

मी त्या चार ओळी पुन्हा वाचल्या. व्याकरण बिनचूक होतं. अक्षर बरं होतं.

"खोली चांगली नाही का तुमची?"

"आहे."

"जेवण?"

"तेही आहे."

"मग त्याने खोटं काय लिहिलं?"

मी सात केले. त्या बघतच राहिल्या, तेव्हा नऊ केले. साहेबांनी गाडीची किल्ली बोटावर फिरवत विचारलं, "एक कुठे गेला?"

निबंधाला दहापैकी दहा मी जन्मात कुणाला दिले नव्हते. पोटच्या मुलालाही नाही, तो अजून बोलून दाखवतो. सायली दाराशी उभी होती. "बाबांनू," एवढंच म्हणाली.

मी दहा केले.

"आता पान खराब केलंत, तर स्वच्छ प्रतही तुम्हीच काढून द्या," आई म्हणाल्या. म्हणून त्या चार ओळी मी माझ्या हाताने, सहाही नाइस आणि खालच्या दहापैकी दहासकट, सुवाच्य अक्षरात लिहून काढल्या. साहेबांनी त्या प्रतीचा फोटो टाकला, आणि मे महिन्यात ते आठ माणसं घेऊन आले.

सायलीने ते स्वच्छ पान फ्रेम करून दारात लावलं आहे. येणारा प्रत्येक पाहुणा जाताना ते बघून वहीत उतरवतो आणि दहा गुणांसाठी वही माझ्यापुढे धरतो. एक कानामात्रा इकडची तिकडे होत नाही. छत्तीस वर्षं मी फळ्यावर लिहिलेलं इतकं बिनचूक कुणी उतरवून घेतलं नव्हतं.