बारीक मुठीचं पिस्तूल

माइस्टरनी मला रांगेतून बाहेर काढलं तो एप्रिलमधला एक गुरुवार होता. सगळ्यांसमोर काढलं, म्हणून मी कितीतरी दिवस धुमसत होतो.

आमचा नेमबाजीचा क्लब रेगेन्सबर्गच्या जरा बाहेर, एका खानावळीच्या तळघरात भरायचा. माइस्टर म्हणजे त्या क्लबाचे प्रमुख, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. क्लबात सगळे एकमेकांना अरेतुरे करतात. तेही मला करायचे. माझी जीभ मात्र त्यांच्यापुढे कधी वळली नाही. पुण्यात कॉलेजात असताना एन.सी.सी.च्या रायफलीने मला हा नाद लावला, मग नोकरीसाठी आधी हॅनोव्हर आणि नंतर इथला मोटारींचा कारखाना. या गावात 'परत कधी जाणार?' असं मला कोणी विचारलं नाही अशी जागा एकच, ती म्हणजे ते तळघर. तिथे पंधरा वर्षं चार नंबरची जागा माझी होती. कोणी पाटी लावली नव्हती, पण तिथे दुसरं कोणी उभं राहत नसे.

झालं असं की माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवाताने मुक्काम ठोकला होता, आणि डावाही त्याच वाटेवर होता. पिस्तुलात पहिली गोळी चढवायची तर त्याचा वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, जोराने मागे ओढावी लागते. माझ्याकडचं पिस्तूल जाडजूड मुठीचं. त्या दिवशी स्लाइड हलेना, म्हणून मी पिस्तूल पोटाशी घेतलं, आडवं केलं आणि ताकद लावली. तेवढ्यात नळी फिरली तीन नंबरवर उभ्या असलेल्या माणसाकडे.

"हाल्ट! खाली ठेव," मागून आवाज आला.

माइस्टर नेहमीसारखे करड्या जाकिटाच्या खिशात दोन्ही हात घालून उभे होते. गेलं दीडेक वर्ष ते असेच मागे उभे असत. स्वतः नेम धरत नसत. खिशात हात घालून हुकूम सोडायला काय जातं, असं मला वाटलं.

"गोळी अजून आत गेली नव्हती," मी म्हटलं.

"ते मला माहीत आहे. नळी निशाणाकडे नव्हती, हेही माहीत आहे. तर मग, तुला स्लाइड नीट ओढता येत नाही तोवर रांगेत उभं राहायचं नाही. ऑक्टोबरच्या संघस्पर्धेआधी मला करून दाखव. नाहीतर चार नंबर मी दुसऱ्याला देईन."

त्यांचं बरोबर होतं. त्याचाच जास्त राग आला.

डॉक्टर म्हणाले, हे आता असंच राहणार, छंद बदला, बागकाम चांगलं. घरी बायको म्हणाली, "अहो, एकसष्ट वर्षांचे झालात. ठोठो करून कोणाचं भलं झालंय? सोडा आता." मुलगी कोलोनला शिकत होती. तिने फोनवर सगळं मराठीत ऐकून घेतलं आणि जर्मनमध्ये आईची बाजू घेतली. मी तिघांचंही ऐकून घेतलं आणि ठरवलं की सोडायचं नाही. माणसाने एखादी गोष्ट सोडावी ती स्वतःच्या मर्जीने. अंगठ्याच्या मर्जीने नाही.

उपाय मला सरळ दिसत होता. मूठ जाड आहे, तर बारीक मुठीचं पिस्तूल घ्यायचं. मी जन्मभर गाड्यांचे दरवाजे आणि बिजागऱ्या केल्या. कुठलाही पर्याय निवडायचा तर आम्ही आधी तक्ता मांडतो. मीही मांडला. मुठीची जाडी, वजन, लांबी, प्रत्येकाला गुण. जाडीला सर्वांत जास्त गुण दिले आणि वजनाला उणे गुण. हलकं आणि बारीक ते उत्तम, हे इतकं उघड होतं की पुन्हा तपासायची गरज मला वाटली नाही. रविवार गेला त्यात. बायको दोनदा डोकावून गेली. "लग्नाआधी असा तक्ता केला होतात का?" असं विचारून गेली.

कायदा नुकताच कडक झाला होता. नवं पिस्तूल घ्यायचं तर क्लबाचं पत्र, मग संघटनेचा दाखला, मग कचेरीची परवानगी. पत्रावर सही माइस्टरचीच लागत होती. ज्यांनी मला बाहेर काढलं त्यांच्याकडेच कागद घेऊन जायचं माझ्या जिवावर आलं होतं, पण त्यांनी लगेच सही केली. सही इतकी वेडीवाकडी होती की मला वाटलं, मनातून नाराज आहेत. कचेरीचा शिक्का मिळेपर्यंत उन्हाळा अर्धा सरला.

दुकान एक पन्नाशीच्या बाई चालवत. मी खिशातून व्हर्निअर काढला आणि एकेका पिस्तुलाची जाडी मोजायला लागलो. त्या थोडा वेळ बघत राहिल्या.

"पिस्तूल घ्यायचंय की कारखान्यात सुटा भाग तपासायचाय?"

मी तक्ता पुढे केला. त्यांनी तो वाचला, काचेखालून एक चिमुकलं पिस्तूल काढलं आणि माझ्या हातात दिलं. "तुमच्या हिशेबाने पहिला नंबर याचा. बरोबर?"

तळहातात मावेल एवढं, चपटं, हलकं. अमेरिकेत असली पिस्तुलं लोक रोज खिशात घालून हिंडतात, असं त्या म्हणाल्या. इथे तो प्रश्नच नाही. घरातून पिस्तूल निघतं ते रिकामं, कुलूपबंद पेटीत, आणि क्लबात पोचेपर्यंत पेटी उघडायची नाही. माझं रोजचं बाळगणं म्हणजे ती पेटी आणि क्लबाकडे जाणारी बस. पण मूठ अशी होती की माझी दुखरी बोटं तिच्याभोवती आपोआप मिटली. आनंदाने मी स्लाइड ओढली. हलली नाही. पुन्हा ओढली. अंगठ्यातून थेट कोपरापर्यंत कळ गेली आणि माझ्या तोंडून मराठीत एक शब्द निघाला. बाईंना तो अर्थासकट कळला असावा.

"छोट्या पिस्तुलाची स्प्रिंग जास्त ताठ असते," त्या म्हणाल्या. "स्लाइड हलकी, मग धक्का अडवायचा कोणी? स्प्रिंगनेच."

मी मान खाली घातली. इतकी वर्षं स्प्रिंगांशी संसार केला आणि तक्त्यात स्प्रिंगला रकानाच ठेवला नव्हता. नव्या पोराने हे केलं असतं तर मी त्याची बिनपाण्याने केली असती.

मग त्यांनी आतून एक जुनं पिस्तूल आणलं, पोलिसांनी वापरून मोडीत काढलेलं. कडा घासून पांढऱ्या झालेल्या. गोळ्या एकाखाली एक अशा एकाच ओळीत बसायच्या, म्हणून मूठ बारीक, पण अंग लांब आणि वजनदार. माझ्या तक्त्यात ते शेवटून दुसरं आलं असतं. बाई म्हणाल्या, "डाव्या हाताने स्लाइड वरून पकडा आणि ती तशीच धरून ठेवा. ओढू नका. उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकला. बोटांचं काम खांद्याला द्या." मी ढकललं. खट्. नळी समोरच्या भिंतीकडे, सरळ. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला मी पुन्हा व्हर्निअर काढला.

पिस्तूल मिळालं म्हणून हात सुधारला नव्हता. रोज सकाळी कामावर जाण्याआधी रिकाम्या पिस्तुलावर वीस वेळा सराव करायचा, असं मी ठरवलं. बायकोने पाच दिवस ते पाहिलं. सहाव्या दिवशी तिने परात माझ्यापुढे ठेवली. "हाताला व्यायामच द्यायचाय ना? मग कणिक मळा." ऑक्टोबरपर्यंत आमच्याकडची सगळी कणिक मी मळली. सुरुवातीच्या पोळ्या कशा झाल्या ते ती अजून पाहुण्यांना सांगते.

दसऱ्याला आम्ही घरी हत्यारांची पूजा करतो. आमची हत्यारं म्हणजे पाने, पेचकस, व्हर्निअर आणि तिची सुरी-कात्री. त्या वर्षी पाट मांडून झाल्यावर ती म्हणाली, "अहो, तेही आणा. त्याचीच तर खरी पूजा." मी चकित झालो. पिस्तूल रिकामं केलं, मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची डबी, काढून शेजारी ठेवलं, स्लाइड मागे अडकवून उघडी ठेवली, सगळं नियमाप्रमाणे. तिने हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं आणि चांगल्या मूठभर अक्षता टाकल्या. पूजेला लावलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नाही, आणि खोलून पुसायला तर मला धीरच होईना. घरात आल्यापासून ती त्या वस्तूशी बोलली नव्हती. मी ते तसंच तिजोरीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी वरवर पुसलं, एवढंच.

दोनच दिवसांनी, गुरुवारी, तळघरात मी आणि माइस्टर दोघेच होतो. चार नंबर. ते मागे उभे, हात खिशात.

"पाच गोळ्या. भर, मार, रिकामं कर."

मी स्लाइड वरून पकडली, पिस्तूल पुढे ढकललं. खट्. पहिली गोळी, दुसरी. दोन्ही निशाणाच्या काळ्या वर्तुळात. तिसऱ्या वेळी स्लाइड पुढे आली आणि दोन मिलिमीटर अलीकडेच थांबली. अडकली.

एप्रिलमध्ये असं झालं असतं तर मी पिस्तूल पोटाशी घेऊन झगडलो असतो. आता बोट आपोआप चापावरून बाजूला गेलं. नळी निशाणाकडेच ठेवली. मॅगझिन काढलं. खांदा पुढे, स्लाइड मागे. गोळी टपकन बाहेर पडली, आणि तिच्यामागोमाग टेबलावर काहीतरी लाल, बारीक येऊन पडलं. मी आत बघून खात्री केली आणि पिस्तूल उघडं ठेवलं.

माइस्टर वाकून बघत होते. "वास इस्ट दास?"

"तांदूळ," मी म्हटलं. लाजेने कान तापले होते. मग मी त्यांना दसऱ्याचं सगळं सांगितलं.

ते इतके हसले की त्यांना खोकला आला. "गेनाऊ, अगदी बरोबर. मला जे बघायचं होतं ते या तांदळाने दाखवलं. गोळ्या काय, कोणीही मारतो. चार नंबर तुझा."

मला नाचावंसं वाटलं. पण ते जात नव्हते. जरा वेळाने त्यांनी बाकाखालून स्वतःची पेटी ओढली, रिकामं पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "आता तू मागे उभा राहा."

दीड वर्षात त्यांचे दोन्ही हात खिशाबाहेर मी पहिल्यांदाच नीट पाहिले. ते थरथरत होते. सही वेडीवाकडी का होती ते मला तेव्हा कळलं, आणि माझ्या रागाची मला लाज वाटली.

"मॅगझिन रिकामंच घाला," मी म्हटलं.

त्यांनी स्लाइड ओढली. अर्धी आली. पुन्हा ओढली, आणि नळी हळूहळू डावीकडे, तीन नंबरकडे सरकली. ते माझ्याकडे बघत नव्हते. वाट बघत होते.

"हाल्ट," मी म्हटलं. "खाली ठेवा."

त्यांनी ठेवलं. "हे मला कोणीतरी सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "पण प्रमुखाला कोण सांगणार?"

"दुकान सकाळी दहाला उघडतं. शनिवारी जाऊ. आणि उद्यापासून कणिक मळायची, मी शिकवतो."

"मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे."

"कणकेला वय कळत नाही."

ते टेबलावरचा लाल दाणा बोटाने इकडून तिकडे सरकवत राहिले. "आणि तोवर?"

"तोवर चार नंबरच्या मागे उभे राहा," मी म्हटलं, "पण हात खिशाबाहेर काढून."